बारा डॉलरचं बेवारस कार्ड, सात महिन्यांनंतर

गेल्या रविवारी वाणसामानाची यादी तूरडाळीवर अडकली. प्रिंटर गप्प, माझा जुना ॲपल टू-ई कॉम्प्युटर गप्प. तेव्हाच ठरवलं, या दोघांना जोडणाऱ्या कार्डाबद्दल आता लिहायचंच.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहून जुन्या बाजारातून भंगार आणायची खोड मला आहे. हे कार्ड बारा डॉलरला घेतलं. ना नाव, ना कागद. विकणारा म्हणाला, "प्रिंटरचं आहे." पॅरलल (एका वेळी अनेक बिट पाठवणारं) की सिरियल (एकामागून एक बिट पाठवणारं), हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मला ६५५१ ही सिरियल कामाची चिप दिसली आणि मी खूश झालो, म्हणजे सिरियल. मशीन बंद करून स्लॉट १ मध्ये बसवलं, कॉल -१५१ मारून मॉनिटरमध्ये (म्हणजे मेमरी थेट दाखवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) शिरलो. स्लॉट १ च्या कार्डाचे पत्ते बघितले, सगळे आकडे हेक्समध्ये: सी१०५ ला ३८, सी१०७ ला १८, सी१०बी ला ०१ आणि सी१०सी ला ३१. ही तर ॲपलच्या सुपर सिरियल कार्डाची ओळखखूण! म्हणजे हे त्याच कार्डाची कुणीतरी केलेली नक्कल. चिपांवर विसंबून राहू नका, हे चार बाइट बघा.

पण तो ठोकळा (कार्डावरच्या सॉकेटात बसणारा, फिरवून बसवला की तारांची जोडणी बदलणारा)! अस्सल कार्डावर त्याच्या त्रिकोणाचं टोक टर्मिनलकडे की मोडेमकडे, ते छापलेलं असतं. प्रिंटरला टर्मिनल लागतं. इथे बोर्ड कोरा, त्रिकोणही नाही. पहिल्या दिवशी उलटा बसवला आणि दोन तास माझ्या इमेजरायटर प्रिंटरच्या केबलला शिव्या घातल्या. नंतर नेलपॉलिशचा ठिपका लावला. (बायकोची नेलपॉलिश. तो हिशेब वेगळा.)

पाच महिने कार्ड झकास चाललं. पीआर#१ (मजकूर स्लॉट १ कडे), कंट्रोल-आय ८०एन (ऐंशी अक्षरांची ओळ), की खडखडाट सुरू. मी चार जणांना घ्या म्हणून सांगितलंही. मग छपाई मध्येच थांबू लागली. दोष प्रिंटरचा म्हणून तो अख्खा उघडला, रोलर पुसले. व्यर्थ. रविवारी वैतागून झाकण काढलं आणि ठोकळा बोटाने दाबला (चालू मशीनमध्ये हात घालू नये, मी घातला). कर्रर्र करून तुरीखालची चिंच छापली गेली! सॉकेट सैल झालंय. प्रिंटर "पाठव" म्हणतो ती तार त्या ठोकळ्यातूनच जाते. ती सुटली की कार्ड वाट बघत बसतं.

म्हणजे चौघांना दिलेला सल्ला निम्मा मागे. घ्या, पण आधी ठोकळा हलवून बघा.

काल त्याच माणसाकडे तसंच दुसरं कार्ड दिसलं. आठ सांगत होता. ठोकळा गायब, सॉकेट मात्र घट्ट. घासाघीस करून सहाला आणलं.