परदेशातून आणलेली इलेक्ट्रिक गाडी की चाकण-चेन्नईत जुळवलेली?

इंग्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलियातून कायमचं परतताना तिथली इलेक्ट्रिक गाडी सोबत आणावी असं अनेकांना वाटतं. (अमेरिकेतून किंवा दुबईतून येणाऱ्यांचा प्रश्न लगेच मिटतो, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि इथे उजवीकडेच लागतं.) दुसरा पर्याय म्हणजे परदेशी कंपनीची, पण सुटे भाग आणून इथे जुळणी होणारी गाडी घेणं.

तिकडे एकदा नोंदणी झाली की आपल्या नियमांत गाडी जुनी ठरते, मग ती दोनच महिने चाललेली का असेना. जुनी गाडी उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली हवी, पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा, ती फक्त मुंबई बंदरातून आत येते आणि शुल्क नव्या गाडीपेक्षाही जड पडतं. त्यामुळे खरी तुलना नोंदणी न झालेल्या नव्या गाडीशीच करावी. तिच्यासाठी न्हावा शेवा, चेन्नई अशी ठरावीक बंदरं आहेत. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये लागतो. ब्रिटिश गाडी मैल दाखवते, तेव्हा ती सेटिंग जहाजावर चढवण्याआधीच बदलून घ्या.

शुल्काची मेख ४०,००० डॉलरच्या रेषेवर आहे. ही रेषा गाडीच्या किमतीला लागत नाही, तर किंमत, विमा आणि जहाजभाडं मिळून होणाऱ्या सीआयएफ मूल्याला लागते. रेषेच्या आत ७० टक्के, वर गेलं की सेस धरून ११० टक्के, तेही संपूर्ण मूल्यावर. त्यानंतर ५ टक्के जीएसटी. म्हणजे ३९,५०० डॉलर सीआयएफची गाडी साधारण ७०,५०० ला पडते आणि ४०,५०० ची ८९,३०० ला. शोरूमची किंमत रेषेच्या आत बघून मागवलेली गाडी भाड्यामुळे पलीकडे जाते, हे फार सहज घडतं. पौंडात खरेदी असेल तर विनिमय दरही कस्टम्सने जाहीर केलेला धरतात, बँकेचा नाही.

प्रवासात आणि बंदरात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. मोठी बॅटरी टिकते, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि मग दारंही उघडत नाहीत. क्लिअरिंग एजंटकडे जंप स्टार्टर आणि गाडीची यांत्रिक किल्ली दोन्ही असू द्या.

एवढं सगळं पैसे आणि चिकाटी असली तर निभतं. इथल्या जुळणीच्या गाडीला माझा कौल ज्या कारणाने पक्का झाला ते वेगळं आहे: चॅसिस नंबर, म्हणजे गाडीचा कायमचा ओळखक्रमांक. स्वतः आणलेल्या गाडीचा नंबर कंपनीच्या भारतीय यादीत सहसा नसतो. पेट्रोल गाडीत हे खपून जातं. चांगला मिस्त्री पंप बदलतो, गाडी चालू. इलेक्ट्रिक गाडीत ऑनबोर्ड (गाडीतच बसवलेला) चार्जर किंवा बॅटरीचं मॉड्यूल बदललं की बऱ्याच कंपन्यांत तो भाग कंपनीच्या सर्व्हरवरून त्या गाडीशी जोडून द्यावा लागतो. नंबर दुसऱ्या बाजारपेठेचा असला की इथलं सर्व्हिस सेंटर तिथेच अडतं. सुटा भाग हातात असतो, पण गाडी तो ओळखत नाही. गाडीतलं सिमकार्ड तिकडचं, त्यामुळे ॲप आणि अपडेट बंद पडू शकतात. वॉरंटीही बहुतेक वेळा त्या देशापुरतीच. सगळ्याच कंपन्या इतक्या कडक नसतील, पण आठ-दहा वर्षं वापरायच्या गाडीत मला ही जोखीम नको वाटते.

जुळणीच्या गाडीत हा प्रश्नच येत नाही. बॅटरी पॅक, मोटर, चार्जर सुटे आले तर शुल्क १५ टक्के. आधीच जोडून आले तर ३५. बीएमडब्ल्यू आयएक्स१ २०२३ मध्ये तयार आयात होऊन ६६.९० लाखांना आली होती. चेन्नईत जुळणी झालेली लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना. हा सगळा फरक शुल्काचा नाही. आयात गाडीला चारही चाकांना ताकद होती आणि ३१३ अश्वशक्ती. इथल्या गाडीत फक्त पुढची चाकं आणि २०४. मागे बसणाऱ्यांना मात्र इथलीच जास्त आवडेल. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० २०२२ मध्ये चाकणला जुळू लागली, व्होल्वोची एक्ससी४० रिचार्ज बंगळुरूजवळ होसकोटेत जुळवली गेली.

कंपनीनेच तयार आयात केलेली गाडी मधला मार्ग आहे. शांघायहून येणारी टेस्ला मॉडेल वाय जुलै २०२५ मध्ये ५९.८९ लाखांपासून सुरू झाली. चॅसिस नंबरची कटकट नाही, शुल्क मात्र किमतीत आहेच, आणि काच किंवा बंपरसाठी थांबण्याची तयारी हवी.

शुल्क उतरेल म्हणून थांबणाऱ्यांनी एवढं धरून चालावं: २०२४ ची १५ टक्के शुल्काची सवलत ४,१५० कोटी गुंतवून इथे कारखाना काढणाऱ्या कंपन्यांसाठी आणली होती, तुमच्याआमच्यासाठी नाही, आणि जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात इलेक्ट्रिक गाड्यांना पहिली पाच वर्षं सवलत नाही.

हवं ते मॉडेल इथे मिळतच नसेल आणि आणायचंच ठरलं असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीच्या भारतीय कार्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: या चॅसिस नंबरला इथे सॉफ्टवेअर मिळेल का, आणि मोठ्या, उच्च दाबाच्या बॅटरीवर वॉरंटी लागू राहील का. चार्जिंगचं तोंड सीसीएस२ (इथल्या फास्ट चार्जरांवर चालणारा प्रकार) आहे ना, तेही बघा. जपानी बाजारातल्या बऱ्याच गाड्यांना चाडेमो हा वेगळा प्रकार असतो आणि त्याचे चार्जर इथे हायवेवर शोधत फिरावं लागेल.