मतदारयादीचे अ‍ॅप: नगरसेवकपदासाठी पहिल्यांदा उभे राहणाऱ्याने काय घ्यावे, काय नाकारावे

'इलेक्शन सॉफ्टवेअर' म्हणून जे विकले जाते ते नावे बदलली तरी आतून जवळपास सारखेच असते. प्रभागाची मतदारयादी, नाव शोधण्याची सोय, घरनिहाय व आडनावनिहाय याद्या, मतदार चिठ्ठीची (मतदाराचे नाव, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र लिहिलेल्या कागदाची) छपाई, कार्यकर्त्यांचे लॉगिन आणि वर एसएमएस, व्हॉइस कॉलचे पॅकेज. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचे नाही, या प्रकारच्या अ‍ॅपचे आहे, आणि मोजपट्टी १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांत झालेल्या मतदानाची आहे. यादी आणि चिठ्ठी या दोन कामांसाठी अ‍ॅप घ्यावे, त्यात पैसे वसूल होतात. बाकीच्या पॅकेजला नकार द्यावा. का, ते पुढे.

आधी हिशेब. चिन्हवाटप ३ जानेवारीला झाले आणि जाहीर प्रचार १३ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला थांबला. म्हणजे चिन्ह घेऊन दारोदार जायला जेमतेम अकरा दिवस. मुंबईत २२७ एकसदस्यीय प्रभाग आणि एक कोटी तीन लाखांवर मतदार, म्हणजे प्रभागाला सरासरी ४५ हजार. घरटी चार मतदार धरले तर अकरा हजारांहून जास्त दारे. दोघांची जोडी तासाला पंधरा घरे करते. रोज चार तास दिले तर साठ. दहा दिवसांत सगळा प्रभाग पुरा करायला अठरा-एकोणीस जोड्या लागतात. पुण्यात ४१ प्रभागांत १६५ जागा, त्यामुळे तिथे प्रभाग जवळपास दुप्पट मोठा आणि जोड्याही दुप्पट. पक्षाची बांधणी पाठीशी असलेल्याकडे ही माणसे आणि त्यांच्या याद्या तयार असतात. नव्या उमेदवाराकडे माणसे थोडी असतात, त्यामुळे कोणती जोडी कोणत्या गल्लीत गेली आणि कोणती घरे राहिली हे रोज रात्री कळणे त्याला जास्त गरजेचे. अ‍ॅपची खरी किंमत इथे आहे.

अडचण मूळ यादीपासून सुरू होते. राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. त्यामुळे प्रारूप (म्हणजे कच्च्या) यादीवर हरकत घेताना नवीन नाव घाला किंवा जुने काढा असे मागता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत आले नाही, किंवा शेजारच्या प्रभागात गेले, एवढेच दुरुस्त होते. हद्दीवरच्या सोसायट्यांचे असे घोळ हमखास होतात. ज्याच्या हातात प्रारूप यादी शोधता येईल अशा रूपात पहिल्याच दिवशी असते तो मुदतीत हरकती देतो. बाकीच्यांना मतदानाच्या दिवशी कळते की अख्खी इमारत दुसऱ्या प्रभागात आहे. अ‍ॅप घ्यायचेच असेल तर उमेदवारी अर्ज भरल्यावर नव्हे, प्रारूप यादी येते त्याच आठवड्यात घ्यावे.

यादी पीडीएफमध्ये मिळते आणि तिच्यातली नावे सहसा थेट शोधता येत नाहीत. विक्रेता ती यंत्राने वाचून घेतो आणि चुका इथेच शिरतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल होते. रफार उडतो. 'पाटील' आणि 'पाटिल' अशी दोन आडनावे होतात. 'सय्यद'ची तर चार-पाच रूपे. मग आडनावनिहाय यादी काढली की एकाच घरातली माणसे तीन पानांवर विखुरतात. सगळ्यात महाग पडते ती चूक वेगळीच. या वेळी आयोगाने संभाव्य दुबार, म्हणजे एकाहून जास्त ठिकाणी नाव असलेल्या, मतदारांच्या नावापुढे दोन तारांकनांची खूण केली होती, आणि यंत्राने वाचताना असल्या बारीक खुणा सहज गळतात. ही खूण गळाली तर ज्या मतदाराला केंद्रावर प्रश्न विचारला जाणार त्याला आधी सावध करण्याची संधी गेली.

पैसे देण्यापूर्वी ही चाचणी घ्या, अर्धा दिवस पुरतो. प्रभागाची यादी भागाभागांत विभागलेली असते, त्यातला एक भाग निवडा, शक्यतो जुन्या चाळी किंवा वस्तीचा, कारण तिथले पत्ते सगळ्यात गुंतागुंतीचे असतात. त्या भागातल्या पुरुष, स्त्री आणि इतर मतदारांची संख्या मोजून अधिकृत यादीतल्या आकड्यांशी ताडा. मग कुठलीही पन्नास नावे घेऊन ओळखपत्र क्रमांक अक्षर न् अक्षर तपासा. नवा क्रमांक तीन इंग्रजी अक्षरे आणि सात अंकांचा असतो. जुनी ओळखपत्रे तिरप्या रेघांच्या लांब क्रमांकाची आहेत आणि कच्चे अ‍ॅप नेमके तिथे अडखळते. पन्नासात दोनपेक्षा जास्त चुका असतील तर पुढे बोलू नका. तारांकित नावे दिसतात का पाहा. आडनाव मुद्दाम चुकीचे टाइप करून बघा, मराठीतून आणि इंग्रजीतूनही. शेवटी फोन फ्लाइट मोडवर टाकून हेच सगळे पुन्हा करा. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर चिठ्ठ्या द्यायला मांडलेल्या उमेदवाराच्या टेबलाभोवती गर्दीत नेटवर्क लटकते, आणि इंटरनेटशिवाय न चालणारे अ‍ॅप तिथे निरुपयोगी ठरते.

एक अट लेखी घ्या. प्रारूप यादी २० नोव्हेंबर २०२५ ला आली, अंतिम यादी डिसेंबरात, आणि मतदान केंद्रनिहाय यादी त्याच्याही नंतर. दरम्यान अनुक्रमांक बदलू शकतात आणि मतदान केंद्र तर शेवटीच ठरते. अंतिम आणि केंद्रनिहाय अशा दोन्ही याद्या प्रसिद्ध झाल्यापासून दोन दिवसांत अ‍ॅपमध्ये भरून मिळतील, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, हे पावतीवर लिहून घ्यावे. जुन्या अनुक्रमांकाची चिठ्ठी घेऊन आलेला मतदार केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला यादीत सापडत नाही, मागची रांग कुरकुरते, आणि वयस्कर माणूस परत जातो. उमेदवाराने कमावलेले मत असे टेबलावर हरवते.

आता चिठ्ठी. बहुतेक विक्रेते ५८ मिलिमीटर रुंदीचा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर सोबत देतात. स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. अ‍ॅपने मजकूर चित्र म्हणून पाठवला तरच नीट छापतो, नाहीतर प्रश्नचिन्हे आणि चौकोन येतात. चित्र म्हणून छपाई थोडी हळू होते, ते चालवून घ्यावे. चिठ्ठी दहा सेंटिमीटरची धरली तर पंधरा मीटरच्या रोलमध्ये दीडशे निघतात. मतदान सकाळी साडेसातला सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन तासांत टेबलावर झुंबड असते, म्हणून प्रत्येक टेबलाला किमान चार रोल आणि एक भारलेली पॉवर बँक हवी. रोलची एकच बाजू छापते. उलटा बसवला तर कागद कोरा बाहेर येतो आणि कार्यकर्ता प्रिंटर बिघडला म्हणून फोन करत बसतो. आदल्या रात्री प्रत्येक प्रिंटर त्याच्या ठरलेल्या फोनशी जोडून एक चिठ्ठी काढून बघावी. तरीही प्रत्येक टेबलावर छापील यादीचे दोन गठ्ठे ठेवावेतच: एक अनुक्रमांकाने, एक आडनावाने.

चिठ्ठीवर काय असावे यात नवे उमेदवार फसतात. घरोघर वाटायच्या पत्रकावर चिन्ह, नाव, फोटो सगळे येऊ शकते. त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या मात्र हवी. मतदानाच्या दिवशी द्यायची ओळखचिठ्ठी आदर्श आचारसंहितेनुसार साध्या पांढऱ्या कागदावर, चिन्हाशिवाय आणि उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या नावाशिवाय असावी लागते. पुष्कळ अ‍ॅपमध्ये फोटो-चिन्हाची पट्टी आपोआप छापली जाते. ती बंद करण्याचे बटण आहे का, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनवर एकदम बंद करता येते का, हे डेमोतच विचारा. तेवढे नसेल तर बाकी कितीही चांगले असो, घेऊ नये. एका टेबलावरची एक चिठ्ठी तक्रारीला पुरते.

मुंबई सोडून इतरत्र बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक चार जागांचे. मतदाराला अ, ब, क आणि ड अशी चार मते द्यायची असतात. मतपत्रिकेचे रंगही वेगळे: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. अपक्ष किंवा एकट्याने लढणाऱ्याचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो, कारण मतदाराला नाव आठवते पण जागा आठवत नाही. प्रचारकाळातल्या पत्रकावर आपले जागेचे अक्षर आणि रंग ठळक यावा. अ‍ॅपमधला पत्रकाचा साचा एकसदस्यीय प्रभागासाठी बनवलेला असेल तर त्यात या दोन गोष्टींना जागाच नसते. साचा बदलून मिळतो का विचारा.

कार्यकर्त्यांच्या लॉगिनचा उपयोग मोठा आहे, पण खुणा चारच ठेवाव्यात: भेट झाली, घर बंद, स्थलांतरित, मयत. 'आपला, विरोधी, कुंपणावरचा' असे रंग देण्याचा मोह सगळ्यांना होतो. दारात आलेल्याला कोण तोंडावर नाही म्हणतो? पहिल्या आठवड्यात अ‍ॅप हिरवेगार दिसते आणि उमेदवार त्या रंगावर विसंबून ढिला पडतो. 'घर बंद'ची यादी मात्र सोने आहे. ती रोज रात्री वेगळी काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत किंवा रात्री आठनंतर त्याच घरी पुन्हा जावे. नोकरी करणारी माणसे त्याच वेळी सापडतात. यादी डाउनलोड करण्याचा अधिकार एकट्या उमेदवाराच्या लॉगिनला ठेवा, आणि माणूस बाजू बदलतो असे दिसले की त्याचे लॉगिन त्याच मिनिटाला बंद करता आले पाहिजे.

नाकारायच्या गोष्टींत पहिली, 'जातनिहाय यादी'. ती आडनावावरून अंदाजाने बनवलेली असते. जाधव, पवार, शिंदे, चव्हाण, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत आहेत. ही यादी हिशेब म्हणून चुकीची आहेच, आणि ती हातात घेऊन जो नगरसेवक व्हायला निघतो तो प्रभागाकडे पहिल्या दिवसापासून वाकड्या नजरेने पाहतो. हे सुचवणाऱ्या विक्रेत्याला स्पष्ट नाही म्हणावे.

दुसरी, मोबाइल क्रमांकांचा डेटा. अधिकृत यादीत मोबाइल क्रमांक नसतात. मग विक्रेत्याकडे हजारो क्रमांक आले कुठून, हा प्रश्न विचारायलाच हवा. लोकांच्या संमतीशिवाय गोळा केलेली माहिती वापरणे चुकीचे आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर जोखमीचेही. दारात उभे राहून विचारून घेतलेले दोनशे क्रमांक जास्त कामाचे. घाऊक एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. अकरा दिवसांच्या प्रचारात त्यातच दिवस जातात.

एका नावाचा शोध घ्यायचा असेल तर आयोगाची मतदार शोधाची सोय आणि 'मताधिकार' अ‍ॅप फुकट आहे. कार्यकर्ते थोडे असतील आणि दोन-तीन सोसायट्यांपुरते काम असेल तर तेवढ्यावर आणि छापील यादीवर भागते. पैसे वाचवून पत्रकांवर घालावेत.

अ‍ॅपचा खर्च निवडणूक खर्चात दाखवावा. मर्यादा मुंबई, पुणे, नागपूरला १५ लाख. खालच्या वर्गांतल्या महानगरपालिकांना १३, ११ आणि ९ लाख. खरेदी उमेदवारीआधीची असली तरी वापर प्रचारातच होतो, म्हणून नोंद केलेली बरी. पैसे निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यातून द्या. चौघांच्या पॅनेलने मिळून घेतले असेल तर एकाच्या नावावर बिल घेऊन नंतर वाटणी दाखवण्याची खटपट करू नका. चार बिले मागा, प्रत्येकाच्या नावाने. अ‍ॅपमधली खर्चवही स्वतःच्या टिपणासाठी ठीक आहे, आयोगाचा नमुना वेगळा भरावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. तो न देणारा पुढे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरू शकतो, मग हरलेला असो की जिंकलेला. म्हणून बिल, पैसे दिल्याची पावती आणि सर्व्हरवरची यादी पुसल्याचे विक्रेत्याचे पत्र हे तिन्ही कागद मतमोजणीच्या आधी हातात घ्या. नंतर त्याचा फोन लागत नाही.