चांदोरचं ब्रागांझा घर: दोन दारं, दोन पेट्या

मडगावहून बारा-तेरा किलोमीटरवर, सासष्टी तालुक्यातलं चांदोर. गोव्याच्या जुन्या घरांपैकी एकच बघायचं असेल तर इथलं ब्रागांझा घर बघा, पण नीट बघायचं तर दोन-अडीच तास हातात ठेवा. टॅक्सीवाल्याला 'अर्ध्या तासात येतो' असं सांगून आत जाणारे पुस्तकांची कपाटं आणि झुंबरं बघून बाहेर पडतात आणि निम्मं घर तसंच राहून जातं.

कारण हे घर एक नाही, दोन आहेत. चौकातून बघितलं तर एका रांगेत खिडक्याच खिडक्या असलेला लांबलचक दर्शनी भाग दिसतो. मधल्या जिन्याने वर गेलं की पश्चिमेकडची बाजू मिनेझीस ब्रागांझांची, पूर्वेकडची ब्रागांझा परेरांची. दोन्हीकडे अजून कुटुंबाचा वावर आहे, म्हणून दारावर ठोठावायचं आणि कुणी येईपर्यंत थांबायचं. जेवणाची वेळ टाळा. ठरलेलं तिकीट नाही, देणगी घेतात, आणि ती प्रत्येक बाजूला वेगळी द्यायची असते. 'आत्ताच तर दिले' हा वाद इथे रोजचा आहे. सुटे पैसे जवळ ठेवा. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. जिना चढावाच लागतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता ही देणगी कशाची? हे घर बांधलं ते भाटांच्या (म्हणजे माडा-झाडांच्या बागांच्या) आणि शेतांच्या उत्पन्नावर. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर कुळं कसत, मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे) राहत, आणि नारळ, भात, जमिनीचा खंड घरात येई. पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यानंतर कूळ कायदा आला १९६४ मध्ये, मुंडकार कायदा १९७५ मध्ये, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. कुळाच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्यच होतं. पण त्यामुळे एवढं मोठं घर चालवणारी मिळकत गेली, घर मात्र तेवढंच राहिलं. हे डोक्यात ठेवून फिरलात तर पेटीत नोट टाकताना हात आखडत नाही.

छपराकडे बघा. मंगलोरी कौलं वाऱ्याने किंवा माकडांनी सरकतात. एक कौल सरकलं तरी पाणी रीपेवरून वाशावर उतरतं, वासा आतून ओला राहतो आणि मग वाळवी लागते. बाहेरून कळत नाही, कळतं तेव्हा वासा बदलावाच लागतो. म्हणून दरवर्षी पावसाआधी शाकारणी. एवढ्या छपराची शाकारणी म्हणजे किती मजुरी, हिशेब तुम्हीच करा.

खिडक्यांजवळ थांबा. काचेच्या आधीची ही तावदानं शिंपल्यांची आहेत: पातळ, चपटे शिंपले कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले. ऊन गाळून दुधी उजेड आत येतो, तरी चकाकी नाही. जुन्या घरांतून असा एखादा शिंपला फुटला की त्या जागी काच बसवतात, कारण कारागीर उरले नाहीत आणि हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना दोन मिनिटं द्या, मगच शिसवी खुर्च्यांवरची नक्षी दिसते.

पश्चिमेकडचं मुख्य आकर्षण म्हणजे ग्रंथसंग्रह, सुमारे पाच हजार पुस्तकांचा. पोर्तुगीज राजवटीवर टीका करणारे पत्रकार लुईस द मिनेझीस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचं हे घर. १९०० मध्ये निघालेल्या 'ओ हेराल्दो' या वर्तमानपत्राशी ते जोडलेले होते, १९११ मध्ये त्यांनी 'ओ देबाते' काढलं. पणजीतली मिनेझीस ब्रागांझा संस्था त्यांच्याच नावाची. १९५० मध्ये कुटुंबाला हे घर सोडावं लागलं, परतणं झालं ते मुक्तीनंतर. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हाही याच गावचे. एवढ्या संदर्भासाठी एखादी माहितीची पाटी हवी होती, पण तिची अपेक्षा ठेवू नका. दाखवणारे तोंडी सांगतील तेवढंच. गेल्या गेल्या प्रश्न विचारा, दाखवणारे भराभर पुढे जातात.

पूर्वेची बाजू जास्त घरगुती, थोडी थकलेली आणि म्हणून जास्त खरी वाटणारी. तिथल्या खासगी प्रार्थनाघरात सेंट झेवियरचं नख म्हणून एक अवशेष जपलेला आहे. आमच्या मते घाई असेल तर पश्चिम, आणि वेळ असेल तर आधी पूर्व.

समोरच्याच चौकात बेलेंच्या सायबिणीचं (बेथलेहेमच्या मेरीमातेचं) चर्च, १६४५ चं. एरवी दार बंद असू शकतं, सकाळच्या मिस्सेच्या, म्हणजे प्रार्थनाविधीच्या, सुमारास गेलात तर आतली वेदी बघायला मिळते. पण मिस्सा चालू असताना हिंडू नका, मागच्या बाकावर बसा. ६ जानेवारीला तीन राजांच्या फेस्ताला, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांच्या सणाला, मुलं राजे होऊन घोड्यावर बसून येतात. त्या दिवशी गाडी चौकात नेण्याचा नाद सोडा.

चर्चपेक्षा जुनं चांदोर आहे कोट भागात. हे पूर्वीचं चंद्रपूर, भोज आणि पुढे कदंब राजघराण्यांचं. इथल्या मंदिराच्या जागेवर इतिहास संशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये उत्खनन केलं, शीर तुटलेला नंदी तिथेच आहे. बघायला पंधरा मिनिटं पुरतात, पण वाट विचारतच जावं लागतं.

चांदोरला रेल्वे स्टेशनही आहे, मात्र थांबणाऱ्या गाड्या थोड्या. त्यापेक्षा मडगाव-कुडचडे मार्गावरची, चांदोरवरून जाणारी बस बरी, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. पुढे केप्याला डीनचा (चर्चमधल्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याचा) वाडा, म्हणजे १७८७ चं पालासियु दु देयांव, जोडून घेता येतं. तिथे जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, ऐनवेळी गेलात तर नुसती बाग बघून परतावं लागेल.