मानाउसचं उद्याचं पाणी: हेडसेट की अंधारी खोली?

ब्राझीलमधल्या मानाउस बंदरावर रिओ नेग्रो नदीची पातळी 1902पासून मोजली जाते. जून 2021मध्ये ती 30 मीटरच्या वर गेली. ऑक्टोबर 2023मध्ये 13 मीटरच्या खाली, आणि 2024मध्ये त्याहूनही खाली. फरक पाच-सहा मजल्यांचा! यावरून 2080चं शहर कलेत उभं करायचं, तर डोळ्यांवर चढवायचा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घ्यावा की चारही भिंतींवर प्रक्षेपण असलेली अंधारी खोली?

उंची दाखवण्यात हेडसेटला तोड नाही. खांबांवरच्या घराच्या दारातून खाली पाहिलं की कोरड्या पात्राने पोटात गोळा येतो. मानाउसच्याच नदीकाठी, पोंता दास लाजेसच्या खडकांवरचे, 2023च्या दुष्काळात उघडे पडलेले कोरीव चेहरेही अगदी जवळून दिसतात. पण प्रेक्षक एकटा पडतो, आणि पूर काही एकट्यावर येत नाही.

म्हणून मी खोलीच निवडेन, चित्र जरा सपाट वाटलं तरी. बेडकांचा, होड्यांच्या इंजिनांचा आवाज चहूबाजूंनी येतो. आजी नातवाला बोटाने दाखवू शकते, नदीकाठच्या वस्तीतली माणसं ‘असं होणार नाही’ म्हणून तिथल्या तिथे वाद घालू शकतात. दूरच्या शाळांमध्ये न्यायला मात्र हेडसेटच सोयीचे.