नाशिकच्या गंगापूर रोडवरील सामाजिक शास्त्रांचा वर्ग: सहा महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी नववीत आहे. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि भूगोल म्हणजे नकाशात रंग भरणे, असे तिचे ठाम मत होते. आणि गणित-विज्ञानाच्या शिकवणीला निमूट पैसे मोजणाऱ्या आम्ही ते बदलण्याची खटपटही केली नव्हती. जूनमध्ये या वर्गात तिचे नाव घातले ते तेथे फक्त सामाजिक शास्त्रे, आणि तीही गटागटाने शिकवतात, या कुतूहलापोटी.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात सहकार्यात्मक अध्ययन म्हणतात, ती ही पद्धत. तिचा येथे मुख्यत्वे वापरला जाणारा जिगसॉ हा प्रकार एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात सुरू केला. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा तेव्हा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांतले वातावरण तापलेले होते.

एका शनिवारी पालकांना मागच्या बाकांवर बसू दिले. विषय होता काळाराम मंदिर सत्याग्रह. चौघांच्या प्रत्येक गटात चार चिठ्ठ्या: २ मार्च १९३० चा मोर्चा, चारही दरवाजांवर बसलेले सत्याग्रही, दादासाहेब गायकवाडांचे काम आणि १९३५ ची येवल्याची घोषणा. एकाच विषयाची चिठ्ठी मिळालेली मुले आधी एकत्र बसून तयारी करतात आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. माझ्या मुलीच्या गटात येवल्याची चिठ्ठी एका अबोल मुलाकडे होती. मंदिरप्रवेशाच्या मागणीपासून धर्मांतराच्या घोषणेपर्यंतचा प्रवास त्याच्याशिवाय उलगडणार नव्हता, त्यामुळे तिघे वह्या घेऊन त्याच्याकडे सरकले आणि "अरे, जरा मोठ्याने सांग ना, लिहायचंय आम्हाला" अशी विनवणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मुलगी आजीला घेऊन पंचवटीत गेली आणि तिने दरवाजे मोजले. दर रामनवमीला तेथे जाणाऱ्या आमच्या आईला हा इतिहास नातीकडून कळला, याचे मला थोडे वाईटही वाटले.

दिवाळीनंतर मात्र घडी विस्कटली. प्रवेश वाढले, चौघांच्या गटात सात मुले कोंबली गेली आणि प्रकल्पाचे गुण गटाला सरसकट मिळू लागले. पांडवलेण्यातील सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचा तक्ता माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने रात्री जागून केला, तर उरलेल्या पाच जणांनी त्यावर फक्त नावे लिहिली. गट परस्परांवर अवलंबून हवा, तसा प्रत्येक जण स्वतंत्रपणे जबाबदारही हवा, ही या पद्धतीची मूळ अट आहे. रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रकारात तर चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची असते आणि स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा त्याने केलेली प्रगती गटाच्या खात्यात जमा होते. तक्रार केल्यावर बाईंनी चाचण्या एकेकट्याने घ्यायला सुरुवात केली. गट मात्र अजून सातांचेच आहेत.

उत्तरलेखनाचा सराव तोकडा आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी परीक्षा असतात, त्यामुळे ती तयारी घरीच करून घ्यावी लागेल. शुल्क वाजवी आहे. दुचाक्या लावायला जागा अजिबात नाही.

दुसऱ्या सत्राचे पैसे आम्ही भरले आहेत, कारण मुलीने या वेळी ते स्वतःहून मागितले. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी आधी गटात किती मुले असतील ते विचारून घ्यावे.