ड्राय बाल्कनीत फळी की चाकांची ट्रॉली?

वॉशिंग मशीन ठेवल्यावर बाजूला सहा-सात इंचांची फट उरते, आणि पावडर-लिक्विड ठेवायला जागा हवी असते. उरलेल्या प्लायला चार चाकं लावून तेवढी अरुंद ट्रॉली घरीच होते. भिंतीला भोक नाही, घर बदललं तर सोबत नेता येते. भाड्याच्या घरात हीच करा. पण ती ओल्या फरशीवर उभी राहते, आणि मशीन पिळायला लागलं की हळूहळू पुढे सरकते. चाकं लॉकवालीच घ्या.

स्वतःचं घर असेल तर मात्र माझं मत फळीलाच. टॉप लोड असेल तर झाकण पूर्ण उघडून माप घ्या, त्यावर चार बोटं सोडून ब्रॅकेट ठोका. ८ मिमीचं भोक, त्यात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी, २ इंची स्क्रू. एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको, दमटपणात फुगतो. पीव्हीसी बोर्ड किंवा मरीन प्लाय घ्या. पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारा, नाहीतर लिक्विडची बाटली हादऱ्याने कडेपर्यंत येते. फळीखाली एक रॉड लावलात तर पावसाळ्यात शाळेचे शर्ट तिथेच हँगरवर सुकतात. ही सोय ट्रॉलीत नाही. पावडर दोन्हीकडे घट्ट झाकणाच्या डब्यातच, जुलैत तिचे गठ्ठे होतात.