स्ट्रॅट की लेस पॉल: दुरुस्तीच्या नजरेतून

दोन्ही इलेक्ट्रिक गिटार: गिब्सन कंपनीची लेस पॉल 1952 ची, फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर, म्हणजेच स्ट्रॅट, 1954 ची. आवाजाची तुलना पुष्कळांनी केली आहे; मला महत्त्वाची वाटते ती नेकची, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याची, बॉडीशी असलेली जोडणी. स्ट्रॅटचा मेपलचा नेक सहसा चार स्क्रूंनी बसवलेला असतो. खराब झाला तर काढा, दुसरा लावा. लेस पॉलचा महोगनीचा नेक बॉडीत कायमचा चिकटवलेला. त्यात हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) मागे कललेला, आणि ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळीच्या) खाचेमुळे नेमकं तिथलंच लाकूड कमी. स्टँडवरून गिटार पडली की बहुतेकदा तिथेच मोडते. अशी मोडतोड सहसा कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. चांगला कारागीर शोधावा लागतो. लेस पॉलचा भरदार, रेंगाळणारा सूर मला मनापासून आवडतो. तरी गावोगावी कार्यक्रम करणाऱ्याला मी स्ट्रॅटच घ्यायला सांगेन.